४५ सेंटिमीटरवर अडलेली दुर्बीण: सिम्युलेटरवर तयार झालेल्या एका हाताचं प्रकरण

रुग्ण डाव्या कुशीवर झोपलेली होती. वय साठीच्या पुढचं, अंगाने बारीक, काही वर्षांपूर्वी गर्भाशय काढलेलं. रक्तातलं लोह कमी झालं होतं, शौचातून अधूनमधून रक्त जात होतं, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली होती. दुर्बीण माझ्या फेलोच्या, म्हणजे माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरच्या, हातात होती आणि मी त्याच्या उजव्या खांद्यामागे उभी होते. नळीवरची खूण ४५ सेंटिमीटर दाखवत होती आणि तिथून पुढे काही केल्या काम सरकत नव्हतं. तो नळी आत सारायचा, तर पडद्यावरची पोकळी जवळ येण्याऐवजी लांब जायची. गुंगीत असूनही बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग त्या कण्हल्या. डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"थांब," मी म्हणाले.

तो थांबला, पण हाताचा रेटा सुटला नाही. "मॅडम, मशीनवर हे वळण कधीच अडलं नाही."

मी दुर्बीण हातात घेतली, नळीला उजवीकडे पीळ दिला आणि सावकाश मागे ओढली. बारा-पंधरा सेंटिमीटर नळी बाहेर आली आणि टोक मात्र पुढे गेलं. कण्हणं थांबलं. मोठ्या आतड्याच्या उजव्या, चढत्या भागात एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, होता, तो त्याच बैठकीत काढला. तपासणी पार पडली. पण त्याचं ते वाक्य मला सोडेना, कारण ते खरं होतं. मशीनवर ते वळण त्याला कधीच अडलं नव्हतं, आणि त्याला मशीनवर बसवणारी मीच होते.

आधीचे सहा आठवडे

रुग्णाला हात लावण्याआधी प्रत्येक नव्या फेलोने सिम्युलेटरवर काम करायचं, असा आमच्या विभागाचा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. दुर्बीण धरायला शिकणं हेच सुरुवातीला भारी पडतं. डाव्या हाताचा अंगठा मोठ्या चाकावर, टोक वर-खाली करायला. छोटं चाक डावी-उजवीकडे वळवायला. तर्जनी हवा-पाण्याच्या आणि ओढून घेण्याच्या झडपांवर. उजवा हात नळीवर, पुढे-मागे करायला आणि पीळ द्यायला. डोळे पडद्यावर. या सगळ्यातच मेंदू भरून जातो. त्यात रुग्णाचा चेहरा, नाडी, ऑक्सिजन यांकडे लक्ष द्यायला जागा उरत नाही. चाकं बोटांत भिनेपर्यंतचा हा काळ कुणाच्या शरीरात घालवायचा, याचं एकच सभ्य उत्तर मला दिसतं: कुणाच्याच नाही.

हा मुलगा मेहनती. आठवड्यातून तीनदा, काम संपल्यावर, तो आभासी सिम्युलेटरवर बसायचा. या मशीनमध्ये खरी वाटणारी दुर्बीण असते, ती एका छिद्रातून आत जाते आणि पडद्यावर संगणकाने रंगवलेलं आतडं उलगडतं. प्रत्येक फेरीअखेर मशीन एक तक्ता देतं. सहाव्या आठवड्यात तो चार मिनिटांच्या आत सिकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत पोचू लागला. त्याने मला आकडा दाखवला, मी शाबासकी दिली, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याला रुग्णांवर घेतलं.

पहिल्या बारा रुग्णांत तो एकदाही स्वतःहून सिग्मॉइडच्या, म्हणजे गुदाशयाच्या लगेच वरच्या नागमोडी भागाच्या, पलीकडे गेला नाही. सुरुवातीला मी ते नवखेपणावर टाकलं. बाराव्या म्हणजे या बाईंनंतर मात्र मी त्याचे सहा आठवड्यांचे सगळे तक्ते छापून घेतले आणि घरी नेऊन ओळीने वाचले.

तक्त्यात वेळेचा रकाना होता. त्याखाली, किती टक्के भिंत नीट पाहिली. त्याखाली, पोकळी किती वेळ नजरेसमोर होती. आणि त्याही खाली, रुग्णाला किती वेळ वेदना झाली. वेळेचा आकडा आठवड्यागणिक सुधारत गेला होता. वेदनेचा आकडा वाढत गेला होता. आभासी रुग्ण सहा आठवडे कण्हत होता, मशीन ते प्रामाणिकपणे छापत होतं, आणि त्या रकान्याकडे ना त्याने पाहिलं होतं, ना मी.

त्यामुळे "मशीन खोटं शिकवतं" असं म्हणून मला सुटता येईना. या यंत्रांची एक उणीव जगजाहीर आहे. त्यांत हाताला जाणवणारा विरोध खऱ्यापेक्षा मऊ असतो, आतड्याचा वेटोळा खऱ्या वेटोळ्यासारखा अडत नाही, आणि नुसत्या रेट्यानेही माणूस पुढे जातो. पण त्या रेट्याची किंमत तक्त्यात लिहिलेली होती. आम्ही दोघांनी मिळून कशाला महत्त्व द्यायचं ते ठरवलं होतं, आणि त्याचा हात त्याबरहुकूम तयार झाला होता.

वेटोळा म्हणजे काय

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण यावर उभं आहे. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं, पण दुर्बीण सरळ असेल तर सिकमला पोचताना नळीवरची खूण साधारण ७० ते ८० सेंटिमीटरच दाखवते. उरलेली लांबी कुठे जाते? आतडं नळीवर चुण्यांसारखं गोळा होतं, बाही दंडावर सारावी तसं. कोलोनोस्कोपीचं कसब बरंचसं या गोळा करण्यात आहे.

सिग्मॉइड हा भाग पोटात मोकळा लोंबतो. नळी नुसती आत सारली की तो तिच्याबरोबर वर ताणला जातो आणि वेटोळा तयार होतो. मग हातातली नळी आत जाते, पण सगळी लांबी वेटोळा मोठा करण्यात खर्च होते आणि टोक जागेवरच राहतं किंवा उलट मागे सरकतं. ताण आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर येतो, तिथे दुखतं. दुर्बिणीच्या रेट्याने आतड्याला भोक पडण्याचं नेहमीचं ठिकाणही सिग्मॉइडच आहे. बारीक अंगाच्या स्त्रिया, त्यातही गर्भाशय काढलेल्या, यांच्यात हा भाग आकसलेला किंवा चिकटून बसलेला असू शकतो. आमच्या या रुग्ण नेमक्या तशा होत्या.

यावरचा उपाय सरळ स्वभावाच्या माणसाला उलटा वाटतो: मागे या. बहुतेक वेटोळे उजवीकडे पीळ देत मागे ओढल्यावर सुटतात. काही वेळा रुग्णाची कूस बदलावी लागते, काही वेळा सहाय्यकाने पोटावर हात दाबावा लागतो. पण सगळ्यात आधी वेटोळा झालाय हे कळावं लागतं, आणि ते पडद्यावर दिसत नाही. हात नळी जेवढी सारतो तेवढंच टोक पुढे जातंय का, नळी सोडली तर ती आपोआप बाहेर येतेय का, उजव्या हाताला रबर ताणल्यासारखं वाटतंय का, यावरून ओळखायचं असतं. माझा फेलो डोळ्यांनी उत्तम शिकला होता. हातांनी शिकण्याची संधी मी त्याला दिलीच नव्हती.

रबरी आतडं

आमच्या कौशल्य प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुनं यांत्रिक मॉडेल पडून होतं. प्लॅस्टिकच्या धडात रबराची नळी, तिला जागोजागी धरून ठेवणाऱ्या कड्या, वर पोटाचं झाकण. एंडोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने शरीराच्या आत पाहण्याचं, प्रशिक्षण सुरुवातीला अशाच मॉडेलांवर होत असे. फक्त सिग्मॉइडपर्यंतच्या तपासणीसाठीचं असं एक मॉडेल १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. नंतर डुकराच्या आतड्या-जठरावर सराव करण्याची पद्धत आली, जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये १९९०च्या दशकात ती चांगलीच विकसित झाली, आणि रक्तस्राव थांबवायला शिकण्यासाठी ती आजही मोलाची आहे. मग संगणकाची मशीनं आली आणि रबरी धडं कपाटात गेली. दिसायला ते आतडं मुळीच खरं नाही. पण ते ताणलं जातं आणि अडतं.

पहिल्या दिवशी झाकण काढून ठेवलं आणि त्याला सांगितलं, "आज सिकमला जायचं नाही. वेटोळा कर." त्याने नळी रेटली, रबर वर उचललं गेलं, समोर वेटोळा उभा राहिला. "आता सोडव." पीळ, मागे, पीळ, मागे. मग परत कर, परत सोडव. तासभर हेच. तो नळी मुठीत घट्ट आवळून धरायचा, त्यामुळे पीळ मनगटातून यायचा आणि लवकर संपायचा. मी ती बोटांत धरायला लावली. मुठीला जे कळत नव्हतं ते बोटांना कळू लागलं.

दुसऱ्या बैठकीपासून झाकण बंद. मी कड्यांची जागा बदलायचे, त्याने नळी आत न्यायची, मी मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, "वेटोळा आहे की नाही?" आधी उत्तर द्यायचं, मग झाकण उचलून पाहायचं. पहिल्या दहा वेळांत त्याची चार उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी बरी आली असती. त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाटतं शिकणं खऱ्या अर्थाने तिथे सुरू झालं, कारण आपल्याला काय कळत नाही हे त्याला पहिल्यांदा कळलं.

तिसरी गोष्ट सिस्टरांनी सुचवली आणि ती माझ्या सगळ्या योजनेपेक्षा सरस होती. त्या मॉडेलच्या डोक्याशी बसल्या, एक हात झाकणाखाली घालून सिग्मॉइडची कडी धरली, आणि ती ताणली गेली की त्या कण्हू लागल्या. जास्त ताण, जास्त मोठ्याने. मधूनच विचारायच्या, "डॉक्टर, अजून किती वेळ?" आणि त्याने काम न थांबवता नीट उत्तर द्यायचं. मॉडेल आणि जिवंत माणूस असं एकत्र करून शिकवण्याचं काम लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये रॉजर नीबोन यांनी २०००च्या दशकात पुढे आणलं. सिस्टरांनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं, त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांचे चेहरे वाचले होते. दोन बैठकींत फेलोच्या हाताची सवय बदलली. कण्हण्याचा पहिला स्वर निघाला की त्याचं मनगट मागे येऊ लागलं.

माझीही एक सवय या काळात बदलली. मी फार बोलते. वळ, थांब, हवा काढ, पीळ दे, अशा सूचनांचा मारा चालू असे, आणि माझ्या आवाजावर तो व्यवस्थित चालायचा. कॅनडातल्या कॅथरीन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कोलोनोस्कोपी सिम्युलेटरवरच हे तपासलं होतं: काम चालू असताना सतत सूचना मिळालेले आणि काम संपल्यावर मिळालेले, यांत नव्या परिस्थितीत दुसरे सरस ठरले. म्हणून मॉडेलवर मी तोंड मिटून बसायचं आणि फेरी संपल्यावर बोलायचं असं ठरवलं. ते मला सोपं गेलं नाही. रुग्णासमोर अर्थात मी गप्प बसत नाही. तिथे चुकीची किंमत दुसरा कुणीतरी देतो.

त्यानंतर तो पुन्हा आभासी मशीनवर गेला. या वेळी पडद्याच्या ज्या कोपऱ्यात घड्याळ दिसतं तिथे आम्ही कागद चिकटवला. फेरी संपली की तक्ता खालून वर वाचायचा: आधी वेदना, मग भिंत, सगळ्यात शेवटी वेळ.

इतरांच्या अनुभवाशी ताडून

मी स्वतःला दोष देत असताना जुने अभ्यास पुन्हा काढून वाचले आणि दोन ठिकाणी अडखळले. २००४ मध्ये महमूद आणि दार्झी यांनी कोलोनोस्कोपी सिम्युलेटरवर कोणताही अभिप्राय न देता लोकांना सराव करायला लावला. निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच मांडला, अभिप्राय नाही तर शिकणं नाही. मी नेमकं हेच केलं होतं, फक्त मध्ये शाबासकी घातली होती.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, कोहेन आणि सहकाऱ्यांचा, २००६चा. पहिल्या वर्षाच्या ४५ फेलोंपैकी काहींना आभासी सिम्युलेटरवर १० तास सराव दिला, बाकीच्यांना नाही. सराव केलेले पुढे होते, आणि हा फरक पहिल्या ८० रुग्णांत जास्त ठळक होता. पण ९० टक्के सफलतेला पोचायला दोन्ही गटांना साधारण १६० तपासण्याच लागल्या. आणि रुग्णांना होणाऱ्या त्रासात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मी पूर्वीही वाचलेलं असणार, पण तेव्हा नजर त्यावरून घसरली होती. तो १० तासांचा सराव देखरेखीशिवाय होता.

वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचं २०१८चं परीक्षण १८ चाचण्या एकत्र करून सांगतं की काहीच प्रशिक्षण न मिळालेल्यांपेक्षा आभासी सिम्युलेटरवर शिकलेले सुरुवातीला सरस असतात, पण रुग्णांवर देखरेखीखाली शिकण्याची जागा हे प्रशिक्षण घेऊ शकतं असं म्हणायला पुरावा नाही. सिम्युलेटर पाया घालून देतो, आणि तो पाया कोणी आखला यावर पुढचं ठरतं, असा मी याचा अर्थ लावते. वॉल्श यांच्याच टोरांटोतल्या गटाने नंतर दाखवलं की तीच यंत्रं, पण सोप्याकडून अवघडाकडे नेणारा आखीव अभ्यासक्रम आणि शिक्षकाचा अभिप्राय जोडला, तर प्रत्यक्ष रुग्णांवरचं काम सुधारतं. महागडं यंत्र विकत घेताना या भागासाठी शिक्षकाचे तास कोणी मोजत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. यंत्राला खोली मिळते. शिक्षकाला त्या खोलीत बसायला वेळ मिळत नाही.

परत रुग्णांकडे

मॉडेलवर लागोपाठ दहा वेळा झाकण बंद असताना वेटोळा बरोबर ओळखला, तेव्हा तो परत तपासणीच्या खोलीत आला. दहाचा आकडा मी ठरवला, त्यामागे कुठला नियम नाही. पहिल्या वीस रुग्णांत त्याने फक्त पोटाच्या डाव्या बाजूला वर, प्लीहेजवळ असलेल्या वळणापर्यंत जायचं, आणि तिथे पोचल्यावर खूण ५० सेंटिमीटरच्या आसपास असेल तरच पुढे जायचं. जास्त असेल तर नळी सरळ नाही, मागे यायचं. पन्नासच्या आकड्याने आमच्या दोघांमधले कितीतरी वाद मिटवले. रुग्णांना आधीच सांगितलेलं असायचं की शिकाऊ डॉक्टर करतील, मी शेजारी असेन, आणि नको असेल तर तसं सांगा. काहींनी नको म्हटलं. तेव्हा मी केलं, त्याने पाहिलं.

४५ सेंटिमीटरवर अडलेल्या त्या बाईंना तो तपासणीच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन भेटला होता. मी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मध्येच फार दुखलं, पण कुणीतरी थांबवलं. हे त्याने मला दोन महिन्यांनी सांगितलं.

आज त्याच्या नावावर सुमारे १४० तपासण्या आहेत. बहुतेक रुग्णांत तो स्वतः सिकमपर्यंत जातो आणि तिथे पोचल्यावर खूण सहसा ८०च्या आत असते. हे रबरी आतड्याने केलं का? ठामपणे सांगता येणार नाही. १४० रुग्णांचा हात कोणालाही सुधारतोच, आणि मेयो क्लिनिकमधल्या २०११च्या एका मोजणीनुसार किमान सक्षमता यायला सरासरी २७५ तपासण्या लागतात. म्हणजे तो अजून अर्ध्या वाटेवर आहे. एवढं मात्र मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे की गाडी अडली की त्याचा हात आता आधी मागे जातो, आणि त्याच्या रुग्णांना सिस्टर पूर्वीपेक्षा कमी वेळा वाढीव गुंगी मागतात.

एक गोष्ट सिम्युलेटरने त्याला शिकवली नाही, आणि कशी शिकवावी हे मला अजून गवसलेलं नाही. दुर्बीण बाहेर काढतानाचं पाहणं. खरी तपासणी तेव्हा होते. घड्या उलगडायच्या, साचलेलं पाणी ओढून घ्यायचं, चपटा, फिकट, भिंतीशी मिळून गेलेला पॉलिप शोधायचा. संगणकाचे पॉलिप ठळक आणि गोल असतात, ते स्वतःहून हाका मारतात. सिकमला पोचलं की काम झालं असं त्याला वाटायचं आणि तो झपाट्याने बाहेर यायचा. पॉलिप सापडण्याचं प्रमाण ही काही शिकवण्याची हौस नाही: कॉर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की डॉक्टरला ॲडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारा पॉलिप, सापडण्याचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं, तर तपासणीनंतर पुढे उद्भवणाऱ्या कर्करोगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. सध्या मी त्याला माझ्याच तपासण्यांच्या ध्वनिचित्रफिती देते, पॉलिप दिसण्याच्या आधीच्या क्षणी थांबवून, आणि कुठे आहे ते दाखवायला लावते. तेही डोळ्यांचंच शिक्षण आहे, पण इथे डोळेच हवेत.

यकृताजवळच्या वळणावर तो अजून रेटतो. थकलेला असला की जास्त. म्हणून दर पंधरवड्याला एक सकाळ त्याची रबरी आतड्याशी ठेवलेली आहे. आता मी कड्या उजव्या बाजूच्या बदलते, आणि डोक्याशी बसून कण्हायचं काम या महिन्यापासून त्याच्यानंतर आलेल्या फेलोकडे आहे.